नवख्या वाइड रिसीव्हरची पारख : नेक्स्ट जेन स्टॅट्सचा तक्ता किती कामाचा?

नेक्स्ट जेन स्टॅट्स हे एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे अधिकृत आकडेवारीचे संकेतस्थळ असून त्यावरील रिसीव्हरांचा, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्या खेळाडूंचा, तक्ता वर्गणी न भरता कोणालाही पाहता येतो. एप्रिलच्या ड्राफ्टमधून, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून, संघात आलेल्या आणि सप्टेंबरात प्रथमच व्यावसायिक मैदानात उतरलेल्या वाइड रिसीव्हरची पारख करायला हा तक्ता कितपत उपयोगी पडतो, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. मूळ प्रश्न माझ्या भाच्याचा. तो छत्रपती संभाजीनगरला अभियांत्रिकीला आहे, मित्रांबरोबर फँटसी लीग खेळतो आणि हंगाम सुरू होऊन पंधरा दिवस होत नाहीत तोच लातूरला फोन करून विचारतो, "मामा, हा नवा पोरगा फुसकाच निघाला, सोडून देऊ का ह्याला?"

तक्त्यामागची मोजणी विश्वासार्ह आहे, हे आधी मान्य करायला हवे. प्रत्येक खेळाडूच्या खांद्याच्या पॅडमध्ये चिप बसवलेली असते आणि ती त्याची मैदानावरची जागा सेकंदाला 10 वेळा नोंदवते. चेंडूतही चिप असते. त्यामुळे खेळ सुरू होताना समोरचा बचावपटू किती यार्ड मागे उभा होता, चेंडू पोहोचला तेव्हा सर्वांत जवळचा बचावपटू किती अंतरावर होता आणि झेल घेतल्यानंतर खेळाडू अपेक्षेपेक्षा किती यार्ड जास्त पळाला, हे सारे तक्त्यात नोंदलेले असते. पहिल्या अंतराला कुशन म्हणतात, दुसऱ्याला सेपरेशन. झेलानंतरच्या अपेक्षित यार्डांचा रकाना मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण त्यात बचावपटू कुठे होते आणि कोणत्या वेगाने येत होते याचा हिशेब आधीच धरलेला असतो. मोकळ्या मैदानात पळालेल्याला आणि दोघांना चुकवून पळालेल्याला तिथे सारखे श्रेय मिळत नाही.

अडचण आहे ती सेपरेशनच्या रकान्यात, आणि नेमका तोच रकाना लोक सर्वांत आधी वाचतात. हे अंतर फक्त त्या खेळाडूकडे फेकलेल्या चेंडूंवर मोजले जाते. एका सामन्यात पास खेळताना तीसेक वेळा धावणाऱ्या रिसीव्हरकडे चेंडू सहा-सात वेळा आला तरी पुष्कळ झाले. उरलेल्या वेळी तो काय करत होता? अंगाला भिडलेल्या कॉर्नरबॅकच्या, म्हणजे कडेच्या बचावपटूच्या, हातातून पहिल्या दोन पावलांत सुटला का, बाराव्या यार्डावर वळायचे असताना दहाव्यावरच वळला का, वळताना पाय रोवून तुटक वळला की गोल वळण घेऊन बचावपटूला गाठायला वेळ दिला, यातले काहीही तक्त्याला ठाऊक नसते. नवखा खेळाडू पहिल्या वर्षी शिकतो ते नेमके हेच. आमच्या लातुरात शिकवण्यांचे पेव फुटलेले आहे, पण विद्यार्थ्याने सोडवलेलेच प्रश्न तपासून कोरे सोडलेले न मोजता टक्केवारी काढणारा मास्तर इथेही टिकणार नाही.

त्यात आणखी एक मेख अशी की, सेपरेशन हे धावण्याच्या खोलीवर फार अवलंबून असते. मध्यभागी, स्लॉटमध्ये उभे राहून पाच यार्डांचे छोटे झेल घेणाऱ्याचे अंतर आपोआप मोठे दिसते. कडेने खोल धावून खांद्यावरून येणारा चेंडू घेणाऱ्याचे लहान. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकने अर्धा सेकंद उशीर केला तर रिसीव्हरने कमावलेले अंतर हवेतच भरून निघते आणि कमी आकडा मात्र रिसीव्हरच्या नावावर चढतो. म्हणून हा तक्ता सेपरेशनच्या क्रमाने लावून वरची नावे चांगली आणि खालची वाईट समजणे हा शुद्ध अन्याय आहे.

पहिल्या दोन आठवड्यांवर निकाल देण्याची घाई किती महागात पडते, याची उदाहरणे फार जुनी नाहीत. मिनेसोटाच्या जस्टिन जेफरसनने 2020 मध्ये पहिल्या सामन्यात 2 झेलांत 26 यार्ड आणि दुसऱ्यात 3 झेलांत 44 यार्ड मिळवले. तिसऱ्या सामन्यात 7 झेलांत 175 यार्ड आले आणि वर्षअखेर आकडा 1,400 वर गेला. डावांटे ॲडम्सने पहिल्या हंगामात 446 आणि दुसऱ्यात 483 यार्ड केले होते. तिसऱ्या वर्षी 997 यार्ड आणि 12 टचडाउन झाले. उलट बाजूला जॉन रॉस आहे. 40 यार्ड 4.22 सेकंदांत पळाला म्हणून 2017 मध्ये सिनसिनाटीने त्याला नवव्या क्रमांकावर घेतले, आणि पहिल्या वर्षी त्याच्या नावावर एकही झेल लागला नाही. अशा खेळाडूबद्दल हा तक्ता काहीच बोलत नाही, कारण ठरावीक संख्येपेक्षा कमी चेंडू आलेल्यांची नावे त्यात येतच नाहीत. ज्याच्याविषयी खरी काळजी वाटावी, तोच तिथून गायब असतो.

मग सुरुवातीच्या आठवड्यांत पाहावे काय? माझ्या मते टारगेटचा, म्हणजे त्याच्याकडे चेंडू किती वेळा फेकला याचा साधा, नीरस रकाना, आणि संघाच्या एकूण हवाई यार्डांतला, म्हणजे फेकलेल्या चेंडूंनी हवेत कापायच्या अंतरातला, त्याचा वाटा. पूका नाकुआ 2023 च्या ड्राफ्टमध्ये 177 व्या क्रमांकावर निवडला गेला, पण लॉस एंजेलिस रॅम्सने पहिल्या सामन्यात त्याच्याकडे 15 आणि दुसऱ्यात 20 वेळा चेंडू फेकला. प्रशिक्षकाचा विश्वास याहून स्पष्ट दिसत नाही. रॅम्सचा मुख्य रिसीव्हर कूपर कप तेव्हा जखमी होता, त्यामुळे कप परतेपर्यंत थोडे थांबणे शहाणपणाचे होते हे खरे. परंतु तो पाचव्या आठवड्यात परतल्यावरही नाकुआ मागे पडला नाही आणि 1,486 यार्डांसह त्याने 1960 पासूनचा नवख्यांचा विक्रम मोडला. टारगेटच्या रकान्याच्या जोडीला कुशन वाचावे. दर आठवड्याला बचावपटू एखाद्या नवख्यापासून मागे सरकू लागले, तर त्याच्या वेगाची दखल समोरच्यांनी घेतली आहे असे धरायला हरकत नाही.

तक्त्याची मांडणी मात्र कष्टदायक आहे. एक आठवडा निवडता येतो किंवा संपूर्ण हंगाम; नोव्हेंबरनंतरचे सामने वेगळे काढून प्रगती पाहायची असेल तर आकडे स्वतः वहीत उतरवावे लागतात. झेवियर वर्दीसारख्या नवख्याच्या बाबतीत ही उणीव जाणवते. 2024 च्या संपूर्ण साखळीत त्याचे 638 यार्ड होते आणि सुपर बोल या अंतिम सामन्यात एकट्या 157, अर्थात त्यातले बरेचसे सामना हातचा गेल्यानंतरचे. मोबाइलवर रकाने आडवे सरकवत जाताना खेळाडूचे नावच पडद्याबाहेर जाते, तेव्हा रविवारी रात्री साडेदहाचा सामना चालू असताना हे पान उघडण्याच्या फंदात पडू नये. सोमवारी सकाळी संगणकावर पाहावे.

पाचपैकी तीन तारे देतो. फुकटात एवढी नेमकी मोजणी मिळते याचे दोन आणि झेलानंतरच्या यार्डांच्या रकान्याचा एक. सेपरेशनची उणीव भरून काढायची असेल, तर याच चिपांच्या नोंदींवरून ईएसपीएन जो ओपन स्कोअर काढते तो शेजारी उघडून ठेवावा, कारण त्यात चेंडू न आलेल्या धावांचाही हिशेब असतो.