रशियन बोलणाऱ्या रुग्णाला चिंता-नैराश्याची कोणती प्रश्नावली द्यावी?

गोव्यातल्या मोरजी किंवा हरमलच्या दवाखान्यात रशियन बोलणारी बाई येते. झोप नाही, छातीत धडधड. तिच्या हातात कोणता कागद द्यायचा? एक मात्र करू नका: इंग्रजी प्रश्नावली उचलून रात्रीत स्वतःच भाषांतर. तयार रशियन रूपं आहेत, त्यांतून निवड करायची आहे.

नेहमीच्या ओपीडीसाठी मी पीएचक्यू-९ (नैराश्याची) आणि जीएडी-७ (चिंतेची) ही जोडी घेईन. दोन्ही फुकट, दोन्ही गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात आणि दोन्हींत १० गुणांपासून पुढे नीट चौकशी करायची. रशियनमध्ये आणखी एक सोय होते. प्रश्न आदरार्थी ‘तुम्ही’ला धरून असल्याने स्त्री-पुरुष भेद आड येत नाही. अडचण शरीराची. पीएचक्यू-९मध्ये झोप, भूक, थकवा यांचेही गुण धरले जातात, त्यामुळे कॅन्सरच्या रुग्णाचा आकडा आजारानेच फुगू शकतो. आणि नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तो कागद त्याच दिवशी वाचणारं कोणी नसेल तर देऊच नका.

शारीरिक आजार मोठा असेल तर हॅड्स ही चिंता-नैराश्याची प्रश्नावली बरी. झिगमंड आणि स्नेथ यांनी १९८३ साली इस्पितळातल्या रुग्णांसाठीच ती केली. १४ प्रश्न, निम्मे चिंतेचे, निम्मे नैराश्याचे. झोप-भूक वगळलेली. प्रत्येक भागात ८ ते १० म्हणजे सीमेवर, ११ किंवा जास्त म्हणजे गंभीरपणे घ्या. मात्र तिला परवाना लागतो, आणि आत्महत्येचा प्रश्न तिच्यात नाही.

तिच्यातल्या एका प्रश्नाने अनुवादकांना चांगलंच छळलं आहे. भीतीने ‘पोटात फुलपाखरं’ उडाल्यासारखं वाटतं का? आपण सरळ ‘पोटात गोळा येतो’ म्हणू. रशियनमध्ये पोटातली फुलपाखरं म्हणजे माणूस प्रेमात पडलाय! म्हणून प्रचलित रशियन रूपात तिथे आतला ताण किंवा थरथर आहे.

तिसरा पर्याय स्पिलबर्गर-खानिन प्रश्नावली. क्रीडा मानसशास्त्रज्ञ युरी खानिन यांनी सोव्हिएत काळात रशियनमध्ये आणलेली, तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या हातात रुळलेली. पण ४० प्रश्न, आणि फक्त चिंता. पहिलंच वाक्य ‘या स्पकोयेन’, म्हणजे ‘मी शांत आहे’, पण पुरुषाच्या तोंडचं. बाई ‘स्पकोयना’ म्हणेल. मराठीत बाईला ‘मी घाबरतो’ वाचायला दिल्यासारखंच हे. बेकच्या नैराश्य-प्रश्नावलीच्या रशियन रूपातही हाच घोळ दिसतो.

युक्रेनहून आलेल्या रशियनभाषकासमोर आणखी जपून. चिंतेचा शब्द ‘त्रिवोगा’, आणि हवाई हल्ल्याचा भोंगा म्हणजेही ‘वझ्दूश्नया त्रिवोगा’. असा माणूस ‘हो’ म्हणाला, तर कशाला म्हणाला ते विचारून घ्या.

वयस्क रुग्णांपैकी काही जण सगळीकडे शून्यच भरतील. सोव्हिएत काळात मानसोपचाराच्या नोंदवहीत नाव चढलं की नोकरीवर गदा येऊ शकत होती. त्यांच्याशी आधी बोला: हा कागद कोण पाहणार, कुठे ठेवणार. पेन नंतर द्या.