स्टॉर्म पेट्रेलसाठी केलेली बोट ट्रिप: जरूर जा, पण डेकवरच्या लाइटचं आधी विचारा

खूप वर्षं मनात होतं, शेवटी खोल समुद्रातले पक्षी बघायची ट्रिप केली आणि तीही खास स्टॉर्म पेट्रेलसाठी. किनाऱ्यावर उभं राहून हा पक्षी सहसा दिसतच नाही, वादळाने ढकलत आणला तरच, कारण अंडी घालायला सोडलं तर तो जमिनीवर येतच नाही, खाणं-झोपणं सगळं समुद्रावरच.

पहिले दोन तास नुसत्या लाटा, अर्धी मंडळी उलट्या करून आडवी (गोळी आदल्या रात्रीच घ्या). मग इंजिन बंद केलं आणि गाईडने माशाचं तेल पाण्यावर सोडलं. या पक्ष्यांच्या चोचीवर नळीसारखं नाक असतं आणि ते भयंकर तिखट, लांबूनच वास पकडतात. वारा वाहत जात होता त्या बाजूने एक काळा ठिपका आला, मग चार, मग मोजणंच सोडून दिलं. सगळे विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल, चिमणीहून जरासे मोठे, वजन 35-40 ग्रॅम, काळपट, शेपटीच्या वर पांढरा पट्टा. पंख वर धरून, लांब पाय खाली सोडून पाण्यावर टपटप नाचत तेलाचे थेंब टिपतात, आणि एक इतका जवळ आला की बोटांमधल्या पडद्याचा पिवळा रंग दिसला! एवढासा जीव अंटार्क्टिकाच्या कपारीत एकच अंडं घालतो आणि नंतर विषुववृत्त ओलांडून उत्तरेला येतो, बघताना अंगावर काटा आला. गाईडला पैकीच्या पैकी मार्क, एकदाही घाई केली नाही. दुर्बीण 8 पटीची न्या, 10 ची हलत्या बोटीवर स्थिर राहत नाही.

आता तक्रार. परतताना अंधार पडला आणि डेकवरचे मोठे फ्लडलाइट चालू केले. हे पक्षी उजेडाकडे ओढले जातात, हे या लोकांना माहीत नसेल असं होऊच शकत नाही. एक येऊन आपटलाच. गाईडने उचलून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवला, मी वाकून बघितलं तर धड उभंही राहता येत नव्हतं त्याला, पाय इतके नाजूक की गुडघे टेकल्यासारखा बसून होता, आणि त्याचा तो जुनाट, तेलकट, कस्तुरीसारखा वास, अजून नाकात आहे. मी आणि अजून दोघांनी जाऊन लाइट बंद करायला लावले. अर्ध्या तासाने खोकं उघडलं, गाईडने त्याला हातावर घेऊन कठड्याबाहेर धरलं, दोन क्षण तसाच बसला आणि गेला.

पुढच्या सीझनला परत जाणार, पण बुकिंग करताना आधी लाइटचं विचारणार.