आरएस ६६० की जीएसएक्स-८आर : सोलापूरकर चालकापुढील निवड

चारशे-पाचशे सीसीच्या मोटारसायकलींवर हात पुरेसा बसलेला आहे, रस्त्यावर रोज आणि ट्रॅकवर अधूनमधून चालवायची आहे, पण हजार सीसीच्या चार सिलिंडरच्या गाडीची हौस किंवा ऐपत नाही, अशा चालकाचा विचार बहुधा दोन नावांवर येऊन थांबतो : एप्रिलियाची आरएस ६६० आणि सुझुकीची जीएसएक्स-८आर. पहिली भारतात २०२१ मध्ये १३.३९ लाख रुपयांना (एक्स-शोरूम) आली आणि पुढे सतरा लाखांच्या वर गेली. दुसरी ऑक्टोबर २०२४ मध्ये ९.२५ लाखांना आली. किमतीत जवळजवळ दुपटीचे अंतर असताना तुलना करावीच का, असे कोणी विचारेल. करावी, कारण कागदावरची दुबळी गाडी सोलापूरच्या रस्त्यांवर दुबळी राहत नाही, आणि महागड्या गाडीचे पैसे ज्या गोष्टीसाठी मोजले जातात असे समजले जाते, ते खरे तर भलत्याच गोष्टीसाठी वसूल होतात.

आवाजावरून निवड करू नये, कारण तो दोघींचा एकाच जातीचा आहे. दोन्ही इंजिनांत दोन सिलिंडर शेजारी-शेजारी आहेत आणि क्रँक (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरत्या गतीत बदलणारा दांडा) २७० अंशांची आहे. म्हणजे एक स्फोट झाल्यावर दुसरा २७० अंशांनी आणि त्यानंतरचा ४५० अंशांनी होतो. या असमान ठोक्यांमुळे नव्वद अंशांच्या व्ही-ट्विनसारखी (दोन सिलिंडर ‘व्ही’ आकारात असलेल्या इंजिनासारखी) धडधड येते आणि वळणातून बाहेर पडताना मागचा टायर जमिनीला किती धरून आहे याचा अंदाज चालकाला चांगला येतो. कावासाकीच्या निंजा ६५०ची क्रँक १८० अंशांची असल्याने तिचा स्वभाव निराळा, अधिक सपाट वाटतो. ती गाडी सोशिक आहे, परंतु ट्रॅक डोळ्यांसमोर ठेवून पैसे मोजणाऱ्याचे समाधान ती करील असे मला वाटत नाही.

आता शक्तीचा हिशेब पाहू. आरएस ६६० चे ६५९ सीसी इंजिन मिनिटाला १०,५०० फेऱ्यांवर १०० अश्वशक्ती आणि ८,५०० फेऱ्यांवर ६७ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते (२०२५ च्या जागतिक आवृत्तीत शक्ती १०५ झाली आहे, तेव्हा समोर ठेवलेली गाडी कोणत्या वर्षाची आहे हे विचारून घ्यावे). जीएसएक्स-८आरचे ७७६ सीसी इंजिन ८,५०० फेऱ्यांवर सुमारे ८३ अश्वशक्ती आणि ६,८०० फेऱ्यांवर ७८ न्यूटन-मीटर देते. एप्रिलियाचे वजन १८३ किलो आणि सुझुकीचे २०५, त्यामुळे आकड्यांची ही लढाई एकतर्फी वाटते. मात्र टॉर्कला फेऱ्यांनी गुणून त्या-त्या वेळची शक्ती काढून पाहिली की चित्र पालटते. ६,८०० फेऱ्यांवर सुझुकीकडे सुमारे ७५ अश्वशक्ती हाती असते. एप्रिलियाच्याच म्हणण्याप्रमाणे तिच्या कमाल टॉर्कचा ९० टक्के भाग ६,२५० फेऱ्यांवर मिळतो. त्यावरून तिथली शक्ती ५४ अश्वशक्तीच्या आसपास निघते. फेऱ्यांतला थोडा फरक सोडून दिला तरी मधल्या पट्ट्यात सुझुकी स्पष्टपणे पुढे आहे. शंभर अश्वशक्ती खरोखर हवी असेल, तर फेऱ्यांचा काटा दहा हजारांच्या वर न्यावाच लागतो.

सोलापूर–पुणे महामार्गावर काटा तिथे जात नाही, आणि जाऊही नये. मोहोळ आणि टेंभुर्णी ओलांडताना, विशेषतः कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतच्या ऊसहंगामात, एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही, ऊस बाजूंनी हातभर बाहेर आलेला, असे दृश्य नेहमीचे आहे. अशा वेळी मोकळी जागा दिसताच गिअर न उतरवता नुसत्या मुठीवर (ॲक्सिलरेटरवर) गाडी पुढे निघाली पाहिजे, आणि हे काम सुझुकी अधिक निवांतपणे करते. दोघींनाही क्लच न दाबता गिअर वर-खाली करू देणारा क्विकशिफ्टर मुळातच मिळतो, त्यामुळे एप्रिलियाचा चालक एक-दोन गिअर खाली टाकून तेच साधू शकतो. फक्त अडीचशे किलोमीटरच्या प्रवासात हे किती वेळा करायचे, हा प्रश्न उरतो.

तुळजापूरच्या घाटात मात्र पारडे उलटे झुकते. उतरणीच्या वळणावर गाडी कललेली असताना समोर खडी किंवा सांडलेले डिझेल दिसले आणि हात आपोआप ब्रेकवर गेला, तर एप्रिलियाचा सहा अक्षांचा आयएमयू (हालचाल मोजणारा सेन्सर) गाडी किती कलली आहे हे मोजतो आणि एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा, तसा दाब आवरतो. मागचे चाक जोराने घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोलही त्याच मोजमापावर चालतो. सुझुकीत एबीएस आहे, तीन पातळ्यांचा आणि बंदही करता येणारा ट्रॅक्शन कंट्रोल आहे, पण आयएमयू नाही. गाडी सरळ आहे की कललेली आहे हे तिला कळत नाही. अनुभवी चालकाला अशा मदतीची गरज नसते, असे अनुभवी चालकच म्हणतात, आणि ते मला पटत नाही, कारण ओळखीच्या रस्त्यावर वेग नकळत वाढलेला असतो. थोडक्यात, एप्रिलियाचे वरचे पैसे रस्त्यावर वसूल होतात ते या यंत्रणेमुळे. शक्तीचे पैसे ट्रॅकवरच वसूल होतात.

ट्रॅक सोलापूरहून जवळ नाही. चेन्नईनजीकच्या इरुंगट्टुकोट्टई येथील ३.७१७ किलोमीटरच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटला जायचे तर आठशे-नऊशे किलोमीटर पडतात. सोलापूर मुंबई–चेन्नई रेल्वेमार्गावर असल्याने गाडी पार्सलने पाठवण्याची सोय होऊ शकते. त्यासाठी टाकी रिकामी करावी लागते आणि आरशांपासून फेअरिंगपर्यंत (बाहेरच्या प्लास्टिकच्या कवचापर्यंत) सगळे नीट गुंडाळावे लागते. एवढे करून तिथे पोहोचल्यावर मात्र आरएस ६६० आपले मूळ दाखवते. तिच्या दोन चाकांमधले अंतर १,३७० मिलिमीटर, तर सुझुकीचे १,४६५. हा जवळपास चार इंचांचा फरक लागोपाठच्या डाव्या-उजव्या वळणांत लगेच जाणवतो. एप्रिलियाचे पुढचे कायाबा कंपनीचे फोर्क (पुढच्या चाकाचे धक्के शोषणारे नळे) आपल्या वजनाप्रमाणे आणि वेगाप्रमाणे जुळवता येतात. सुझुकीचे शोवा फोर्क दर्जाने चांगले असले तरी त्यांत फिरवायला एकही स्क्रू नाही, फक्त मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगचा सुरुवातीचा ताण) बदलता येतो. ऐंशी-नव्वद किलोच्या चालकाने जोरात ब्रेक लावल्यावर पुढचा भाग अपेक्षेपेक्षा अधिक बसला, तर तेल किंवा स्प्रिंग बदलण्यावाचून उपाय नाही. ब्रेकमध्येही एप्रिलियाचे ब्रेम्बो कंपनीचे, ३२० मिलिमीटरच्या डिस्कचे ब्रेक सुझुकीच्या ३१० मिलिमीटरच्या डिस्कच्या निसिन ब्रेकपेक्षा वरचढ आहेत. याशिवाय एप्रिलियात खास ट्रॅकसाठी ‘चॅलेंज’ आणि ‘टाइम अटॅक’ असे दोन मोड आहेत. सुझुकीचे ए, बी आणि सी हे तिन्ही मोड मुख्यतः मुठीचा प्रतिसाद बदलतात.

बैठकीत मोठा फरक नाही. दोन्हींचे हँडल खऱ्या सुपरस्पोर्टइतके खाली नाही. सीटची उंची एप्रिलियाची ८२० आणि सुझुकीची ८१० मिलिमीटर आहे. वैशाखात पारा चाळिशीच्या वर असताना सात रस्त्याच्या सिग्नलला थांबल्यावर पायांना लागणारी झळ कोणतीच गाडी चुकवणार नाही. त्या दिवसांत सकाळी आठच्या आत फिरून यावे, हे उत्तम.

खर्चाचे गणित मांडताना जुन्या किमतींवर विसंबू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपेक्षा मोठ्या मोटारसायकलींवर ४० टक्के जीएसटी आहे, म्हणून शोरूमकडून आजचा ऑन-रोड आकडा लेखी घ्यावा. देखभालीसाठी पुण्याचा फेरा गृहीत धरावा. बारामतीला एप्रिलियाची गाडी बनते, तेव्हा सुटे भाग शेजारीच मिळतील, अशी समजूत सोलापुरात ऐकू येते. बारामतीला बनते ती आरएस ४५७; ६६० इटलीहून येते. लिव्हर, फूटपेग आणि फेअरिंगचा एक-एक भाग यांची किंमत आणि ते यायला लागणारे दिवस खरेदीपूर्वीच विचारावेत, कारण ट्रॅकवर आधी मोडतात ते हेच.

वर्षातून निदान तीन-चार वेळा ट्रॅकवर जाण्याची खात्री असेल, किंवा कललेल्या गाडीला आवरणारी ती यंत्रणा हवीच असेल, तर आरएस ६६० घ्यावी. नुसत्या इच्छेवर घेऊ नये. इतरांनी जीएसएक्स-८आर घ्यावी आणि वाचलेल्या रकमेतून आधी चांगला चामडी सूट, मग पुढचे स्प्रिंग आणि चिकट टायर घ्यावेत. टेस्ट राइडला दोन्ही गाड्या मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये साठच्या वेगावरून मूठ उघडून पाहाव्यात. शोरूमचा माणूस बहुधा पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच गाडी ओढून दाखवतो, आणि तिथे दोन्ही सारख्याच जोरदार वाटतात.