राजा घ्यायचा की ट्रंकाटा?

घटपर्णींचा, म्हणजे घटासारख्या सापळ्यात किडे पकडणाऱ्या झाडांचा, नाद लागला की एक टप्पा हमखास येतो. छोटे संकर सांभाळून हात बसलेला असतो आणि आता मोठ्या घटांची एखादी अस्सल जात हवीशी वाटते. तिथे गाडी बहुतेक वेळा दोन नावांशी अडते: नेपेन्थिस राजा आणि नेपेन्थिस ट्रंकाटा. मी दोन्ही वाढवल्या, आज माझ्याकडे एकच आहे. पाणी कोणतं, कुंडीत भरायचं मॉस (शेवाळ) कोणतं, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

रुबाबात राजाला तोड नाही. बोर्निओतल्या साबाहमध्ये किनाबालू आणि तंबुयुकॉन या दोन डोंगरांखेरीज तो जगात कुठेच रानात उगवत नाही, तोही साधारण 1,500 ते 2,650 मीटर उंचीवर. घट 40 सेंटिमीटरच्या घरात जातो. साडेतीन लिटर पाणी मावल्याची नोंद आहे. लोक भाळतात ते त्यात उंदीर बुडाल्याच्या गोष्टींवर. मला मात्र त्याचा दुसरा धंदा जास्त आवडतो. झाकणाच्या आतल्या बाजूला सुटणारा गोड रस चाटायला ट्री श्रू हा खारीएवढा प्राणी घटाच्या कडेवर येऊन बसतो आणि खाता खाताच आत विष्ठा टाकतो. झाडाला त्यातून नत्र मिळतं. एवढा अवाढव्य सापळा, आणि काम शौचकूपाचं!

मग अडलं कुठे? वाढ संथ आहे, पण त्याची तक्रार नाही. हा छंदच संथ माणसांचा. अडलं रात्रीवर. राजाला दिवसा बेताची ऊब चालते, पण रात्री पारा 15 अंशांच्या खाली उतरलेला त्याला मानवतो. उष्ण हवेत राहणाऱ्याला त्यासाठी थंड केलेली काचपेटी लागते. तीही मी केली. यंत्राची घरघर कानाला सवयीची झाली. सवय झाली नाही ती काचेवरच्या घामाची. आत गारवा, बाहेर दमट हवा, त्यामुळे संध्याकाळी यंत्र सुरू झालं की थोड्याच वेळात काच बाहेरून पांढरी. पुसली की पुन्हा तेच. दार उघडावं तर गारवा जातो. म्हणजे कामं आटोपून झाडासमोर निवांत बसायची जी वेळ, नेमकी त्याच वेळी झाड दिसत नाही. तुम्ही म्हणाल, एवढीशी गोष्ट. असेलही. दुहेरी काच लावली तर हा त्रास पुष्कळ कमी होतो असं म्हणतात. पण ज्याच्याकडे पाहायचं म्हणून एवढा खटाटोप केला, ते रोज फडकं हातात घेऊन शोधायचं, हे मला काही जमलं नाही.

ट्रंकाटा फिलिपिन्सच्या मिंडानाओ बेटावरची. सखल भागापासून साधारण 1,500 मीटरपर्यंत उगवते, त्यामुळे स्वभाव बराच सोशिक. माझी ट्रंकाटा उघड्यावर, खिडकीच्या उजेडात आहे. रात्र उबदार गेली म्हणून तिने घट धरायचं थांबवलेलं मला तरी दिसलं नाही. हवा कोरडी झाली की नवे घट लहान येतात, इतकंच. घटांचा आकारही राजापुढे अगदीच फिका नाही. 2006 मध्ये फ्रान्समधल्या लियों शहराच्या वनस्पती उद्यानात हिच्याच घटात कुजत असलेला उंदीर सापडला होता.

खोड्या हिच्यातही आहेत. पानं रुंद, जाड, टोकाशी कापल्यासारखी. चौफेर पसरून शेजारच्या कुंड्यांवर सावली धरतात. राजाचे घट मॉसवर बूड टेकून ऐटीत बसतात, हिचे खाली लोंबतात. म्हणून कुंडी उंचावर हवी. नाहीतर वाढता घट खालच्या फळीला टेकून वाकडा होतो.

कागदपत्रांचंही बघा. वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या पहिल्या, सर्वात कडक परिशिष्टात नेपेन्थिसच्या दोनच जाती आहेत, राजा आणि मेघालयातली खासियाना. ट्रंकाटासकट बाकीच्या दुसऱ्यात. दोन्हींच्या बाबतीत रोप रोपवाटिकेतच बियांपासून किंवा टिश्यू कल्चरने तयार झालंय ना, हे विचारायलाच हवं. पण परदेशातून मागवताना राजाची चौकशी जास्त कडक.

तुम्ही थंड डोंगराळ भागात राहत असाल आणि रात्री आपोआप गारठा पडत असेल, तर माझं काही ऐकू नका, राजाच घ्या. नुसत्या हवेवर तो होत असेल तर त्याच्यापुढे दुसरं काही ठेवायचं कारण नाही. दोन्हींच्या मधलं हवं असेल तर राजा आणि बर्बिजी ही दुसरी जात यांचा किनाबालूवरचा नैसर्गिक संकर अलिसापुत्राना आहे. घट राजासारखेच भारदस्त, पण थंडीची गरज त्यालाही आहेच.

बाकीच्यांनी माझ्या मते ट्रंकाटाच आणावी. आणताना ती सखल भागातली की डोंगराळ, हे आधी विचारून घ्या. उष्ण घरासाठी सखल भागातली बरी. आणि कोणी ‘काळी ट्रंकाटा’ पुढे केली तर जरा थांबा. त्या नावाने ओळखलं जाणारं झाड 2011 मध्ये रॉबकँटलेयी ही वेगळी जात म्हणून नोंदवलं गेलं आहे.