हायब्रिड की रोड बाइक : दोन्ही घरात असलेल्या माणसाचा हिशेब

आमच्या रविवारच्या कंपूत गेल्या वर्षभरात तीन नव्या सायकली आल्या आणि प्रत्येक खेपेस घेणाऱ्याने तोच प्रश्न विचारला : सरळ हँडलची हायब्रिड घ्यावी की ड्रॉप (म्हणजे टोके खाली वळलेल्या) हँडलची रोड बाइक? माझ्याकडे सध्या दोन्ही आहेत. हायब्रिड मी चार वर्षे चालवली आणि गेल्या दिवाळीत रोड बाइक घेतली, परंतु पहिली विकण्याचे मन अजून झालेले नाही. हा आढावा पुण्यात राहणाऱ्या, आठवड्यातून दोन-तीनदा पहाटे वीस-पंचवीस किलोमीटर आणि रविवारी खेड-शिवापूर, सासवड किंवा मुळशीकडे साठ-सत्तर किलोमीटर जाणाऱ्या, शिवाय कधीतरी २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करून पाहावी असे मनात असलेल्या माणसासाठी आहे. शर्यतीत उतरणाऱ्याला याचा फारसा उपयोग नाही. डोंगरातल्या पायवाटा तुडवायच्या असतील तर एमटीबीच (माउंटन बाइकच) घ्यावी; मात्र केवळ रुबाबदार दिसते म्हणून जाड दातेरी टायरची एमटीबी डांबरी रस्त्यावर चालवणे म्हणजे विनाकारण घाम गाळणे आहे.

प्रथम वजनाचा गैरसमज दूर करतो, कारण दुकानात सर्वांत आधी सायकल एका हाताने उचलूनच दाखवली जाते. सामान तोलायच्या हुकाच्या काट्यावर माझी सस्पेन्शनवाली हायब्रिड १४ किलो भरली आणि रोड बाइक साडेदहा. फरक साडेतीन किलोंचा. पण चढावर सायकल एकटी चढत नाही, वर ७४ किलोंचा मीही असतो. ८८ किलोंच्या एकूण ओझ्यातून साडेतीन किलो कमी झाले म्हणजे चार टक्के झाले, आणि तेवढाच जोर लावला तर अर्ध्या तासाच्या चढावर फार तर सव्वा मिनिट वाचते. त्या साडेतीन किलोंमधला मोठा वाटा पुढच्या सस्पेन्शन फोर्कचा, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या स्प्रिंगवाल्या चिमट्याचा आहे. स्वस्त हायब्रिडमधले हे स्प्रिंगचे सस्पेन्शन खड्ड्यात थोडेफार दबते, पण उभे राहून पेडल मारताना पायांचा जोरही गिळून टाकते. म्हणून हायब्रिड घ्यायची ठरल्यास बिनसस्पेन्शनचा साधा फोर्क असलेलीच घ्यावी, हे माझे चार वर्षांच्या पश्चात्तापातून आलेले ठाम मत आहे.

चढाचा खरा निकाल गिअर लावतात, आणि तेथे "हिला २१ गिअर, तिला फक्त १६" ही तुलना पूर्णपणे दिशाभूल करणारी असते. पुढे तीन चक्रे आणि मागे सात म्हणून २१, पुढे दोन आणि मागे आठ म्हणून १६; या गुणाकारातून चढाबद्दल काहीच कळत नाही. पाहायचे असते ते पुढच्या सर्वांत लहान चक्राचे दात आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे दात. माझ्या हायब्रिडमध्ये ते २८ आणि ३४ आहेत, म्हणजे पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे १.८ मीटर पुढे जाते. रोड बाइक दुकानातून आली तेव्हा तिच्यात ३४ आणि २८ होते, म्हणजे एका फेरीत सुमारे अडीच मीटर. मिनिटाला ६० फेऱ्या मारत राहायचे म्हटले तर हायब्रिडवर ताशी साडेसहा किलोमीटरच्या आतबाहेर चालते, रोड बाइकवर मात्र नऊच्या वर जावे लागते. दिवे घाटात हे जमून गेले. कोंढव्याकडून बोपदेव घाट चढताना, जेथे रस्ता अधिक उभा होतो, तेथे फेऱ्या चाळिसावर आल्या, गुडघ्यांनी निषेध नोंदवला आणि हलकी, दुप्पट किमतीची सायकल हातात धरून मी शंभर-दीडशे पावले चाललो. त्याच वळणावर जुन्या हायब्रिडवरून मी कधीही उतरलेलो नव्हतो.

उपाय साधा होता. मागची २८ दातांपर्यंतची कॅसेट (चक्रांचा संच) काढून ३२ दातांची बसवली, त्याबरोबर साखळीही नवी घातली आणि एका फेरीतले अंतर सव्वादोन मीटरवर आले. परंतु मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, तेवढे मोठे चक्र झेलतो का हे आधी तपासावे लागते, आणि हा बदल सायकल घेतानाच करून मागितला असता तर मला दोनदा खर्च पडला नसता. वेगाच्या बाजूला मात्र हायब्रिडला उगाच कमी लेखले जाते. पुढे ४८ आणि मागे १४ दात असताना मिनिटाला ८० फेऱ्यांनी ती ताशी ३५ किलोमीटर धावते. आपल्यापैकी कितीजण सपाटीवर त्याहून वेगाने जाणार आहेत?

मग रोड बाइक घ्यायची कशासाठी? बहुतेक जण वेगासाठी असे उत्तर देतात. माझ्या मते खरे उत्तर हातांसाठी असे आहे. सरळ हँडलवर तळवा ठेवण्याची एकच जागा असते. दोन तासांपर्यंत काही जाणवत नाही. चौथ्या-पाचव्या तासाला करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होऊ लागते, कारण तळव्याच्या बाहेरच्या कडेने जाणारी नस सतत दाबली जात असते. ड्रॉप हँडलवर वरची आडवी जागा, ब्रेकच्या मुठींवरची जागा आणि खालचा वाक अशा तीन ठिकाणी हात फिरवता येतात, पाठीचा कोनही त्याबरोबर बदलतो. दुसरे कारण वारा. उन्हाळ्यात सोलापूर रस्त्याने पूर्वेला गेलेला माणूस परतताना पश्चिमेचा वारा छातीवर घेत येतो. त्या वेळी वाकून बसता येणे ही चैन राहत नाही. हायब्रिडला दोन्ही टोकांना छोटी शिंगे, म्हणजे बार-एंड, बसवली तर हातांची अडचण बरीच कमी होते; वाऱ्याची होत नाही.

बीआरएमपुरते बोलायचे तर २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. चहा, जेवण आणि पंक्चर धरून ताशी १५ किलोमीटरहून किंचित कमी सरासरी पडते, आणि ती हायब्रिडवर अगदी आरामात साधते. ३०० ला २० तास आणि ४०० ला २७ तास असतात. तेथून पुढे मात्र हात, मान आणि पाठ यांचा हिशेब रोड बाइकच्या बाजूने झुकतो. म्हणून ज्याला २०० वरच थांबायचे आहे त्याने केवळ त्या एका दिवसासाठी दुप्पट पैसे घालू नयेत, असे माझे मत आहे.

टायरच्या बाबतीत दोन्हींचा स्वभाव फार वेगळा आहे. माझ्या हायब्रिडचे टायर ३५ मिलिमीटर रुंद आहेत आणि त्यात ५५ ते ६० पीएसआय हवा पुरते. रोड बाइकच्या २५ मिलिमीटरच्या टायरला ९० च्या आसपास लागते आणि ती दर तीन-चार दिवसांनी पाहावीच लागते. महामार्गाच्या कडेच्या पट्ट्यातून जाताना फुटलेल्या ट्रकटायरमधली केसाएवढी बारीक पोलादी तार टायरमध्ये घुसते. ती डोळ्यांना दिसत नाही, बोटाला मात्र नक्की टोचते, आणि ती शोधून चिमट्याने काढली नाही तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते. अशीच एकदा खेड-शिवापूरच्या अलीकडे माझी दुसरी ट्यूब गेली. पंक्चरवाल्याने सोल्यूशन लावून ठिगळ उत्तम बसवले, पण कॉम्प्रेसरची नळी हातात घेऊन तो रोड बाइकच्या बारीक, वर पितळी पेच असलेल्या व्हॉल्व्हकडे पाहतच राहिला. "साहेब, हिला हवा भरायची कुठून?" हायब्रिडला मोटरसायकलसारखाच व्हॉल्व्ह असल्याने तिची हवा कोणत्याही पेट्रोल पंपावर भरता येते. रोड बाइकवाल्याने पितळेचे छोटे अडॅप्टर व्हॉल्व्हलाच लावून ठेवावे. किंमत नगण्य, आणि माझे त्या दिवशी घरी टेबलावर होते.

रोड बाइकच घ्यायची असेल तर निदान ३२ मिलिमीटरचे टायर मावतील एवढी जागा फोर्कमध्ये आणि मागच्या बाजूला आहे का, हे बोट घालून पाहावे. रिमब्रेकच्या (चाकाच्या धातूच्या कडेवर, म्हणजे रिमवर, रबर दाबणाऱ्या ब्रेकच्या) बऱ्याच सायकलींत २८ च्या वर काही बसत नाही. डिस्कब्रेकच्या सायकलींत सहसा बसते. आपल्याकडच्या पावसाळ्यातही डिस्कची बाजू वरचढ ठरते. जुलैत ताम्हिणीहून परतल्यावर रिमवर करड्या रंगाचा चिखलाचा लेप बसलेला असतो, आणि ब्रेकचा रबर उलटा करून पाहिला तर त्यात वाळूचे कण आणि रिमचेच चकचकीत ॲल्युमिनियमचे तुकडे रुतलेले दिसतात. म्हणजे ब्रेक लागताना रिम खरवडली जात होती. डिस्कला हा त्रास नाही, पण साखळीला तेल घालताना एक थेंब जरी चकतीवर उडाला तरी ब्रेक केकाटतात आणि पॅड बहुधा टाकूनच द्यावे लागतात.

मापाबद्दल थोडक्यात सांगायचे तर, दुकानात शिल्लक आहे ते माप आपले माप नसते. हायब्रिडमध्ये एका मापाची चूक सीट आणि हँडल सरकवून पचते. रोड बाइकमध्ये ती मानेत आणि कमरेत जाऊन बसते. अर्धा तास चालवून पाहू न देणाऱ्या दुकानातून रोड बाइक घेऊ नये.

किमतीत साधारण दुपटीचा फरक पडतो, हे वर आलेच. सायकलींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या छापील किमतीवर बिल होत नाही ना, हे पाहावे. परंतु सगळा पैसा सायकलीतच घालणे ही आमच्या कंपूतल्या नवख्यांची नेहमीची चूक आहे. एकाने पगाराची मोठी रक्कम रोड बाइकवर खर्च केली आणि पुढे दोनशे रुपयांचा दिवा लावला. पहाटे पाचला जुन्या कात्रज घाटाच्या बोगद्यात त्याला माझ्या दिव्यामागे चिकटून यावे लागले. निदान पाचवा हिस्सा उरलेल्या वस्तूंसाठी बाजूला ठेवावा. त्यात पहिला मान पुढच्या-मागच्या दिव्यांचा. बीआरएममध्ये ते आणि परावर्तक जाकीट सक्तीचेच असतात. दिव्याच्या खोक्यावरील मोठा आकडा पाहण्यापेक्षा मधल्या प्रकाशावर बॅटरी किती तास टिकते हे विचारावे. हेल्मेट ईएन १०७८ किंवा सीपीएससी अशी सुरक्षा-मानकाची खूण पाहून घ्यावे. त्यानंतर पॅडवाली शॉर्ट, जिच्या आत अंतर्वस्त्र घालायचे नसते (हे मला कोणी सांगितले नव्हते आणि पहिल्या ८० किलोमीटरांनी सांगितले). सीटवर जेलचे जाड आवरण चढवण्याच्या भानगडीत पडू नये. मऊ गादीत हाडे रुततात आणि दाब नको तेथे येतो. घरी हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्यासह उभा पंप आणि पिशवीत छोटा पंप असे दोन्ही लागतात, कारण छोट्या पंपाने ९० पीएसआयपर्यंत पोहोचणे हा स्वतंत्र व्यायाम आहे.

मला आज पुन्हा एकच सायकल निवडायला सांगितली तर वर वर्णिलेल्या माणसासाठी मी साध्या फोर्कची, डिस्कब्रेकची, ३२ ते ३५ मिलिमीटर टायरची हायब्रिड निवडीन, तिला बार-एंड लावीन आणि वाचलेल्या पैशांतून चांगला दिवा घेईन. जो आताच रविवारी शंभर किलोमीटर करतो आणि ज्याची नजर ३०० च्या बीआरएमवर आहे, त्याने रोड बाइक घ्यावी, मात्र मागे ३२ किंवा ३४ दातांची कॅसेट बसवून मिळेल अशीच. पैसे मोजण्यापूर्वी ओळखीतल्या कोणाकडून दोन्ही प्रकारच्या सायकली एकेका रविवारी मागून घ्याव्यात आणि त्यांवरून बोपदेव चढून पाहावा. रोड बाइकवाला आपली सायकल सहजासहजी देणार नाही. त्याला वर पोहोचल्यावर मिसळ कबूल करावी.