‘चर्चचं गेस्ट हाऊस’ म्हणून आलेला मेसेज आणि आमची गोव्याची सुट्टी

दक्षिण गोव्यात समुद्रापासून पाच मिनिटांवर चर्चचं गेस्ट हाऊस, ख्रिस्ती कुटुंबांना सवलतीचा दर, शांत परिसर, जवळच रोजचा मिस्सा (चर्चमधली उपासना). असा मेसेज तुमच्या धर्मग्रामाच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या समाजाच्या) किंवा प्रार्थनासमूहाच्या ग्रुपवर आला असेल, तर पैसे पाठवायच्या आधी हे पूर्ण वाचा. आमच्या वसईतल्या बऱ्याच कुटुंबांचे पैसे या एका मेसेजपायी गेले. ज्यानं फसवलं त्याला आमच्याबद्दल काय काय ठाऊक होतं हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

२०२४ च्या नाताळातली ही गोष्ट. त्या वर्षी जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र शरीराचं प्रदर्शन होतं. दर दहा वर्षांनी ते बॉम जेझू बॅसिलिकातून समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेतात. या वेळी २१ नोव्हेंबर २०२४ पासून ५ जानेवारी २०२५ पर्यंत तिथे दर्शन होतं. माझ्या सासूबाईंचे गुडघे पार गेलेले. ‘पुढच्या प्रदर्शनाला मी कुठे असणार?’ असं त्या म्हणाल्या आणि जायचं ठरलं. मुलांचं गणित वेगळं होतं. मुलगा अकरावीत, मुलगी नववीत. त्यांना कोलव्याचा समुद्र हवा होता. आम्ही म्हटलं, दोन्ही करू. एक दिवस जुन्या गोव्याला आणि उरलेले दिवस किनाऱ्यावर. प्रार्थनासमूहातली आणखी चार घरं तयार झाली.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गोव्यात खोली शोधणं म्हणजे काय, हे ज्यांनी शोधली आहे त्यांना सांगायला नको. त्यात प्रदर्शनाची गर्दी. एरवी दोन हजाराला मिळणारी खोली सात-आठ हजारांवर गेलेली. नेमकं याच वेळी गायनमंडळातल्या एका मुलीनं तो मेसेज ग्रुपवर टाकला. तिला तो दुसऱ्या धर्मग्रामाच्या गायनमंडळातून आला होता. खोलीचं भाडं रात्रीला २,८०० रुपये, ठिकाण बाणावली.

मेसेजमधल्या नंबरवर जो माणूस बोलला, त्याची युक्ती मला मुद्दाम सविस्तर सांगायची आहे. खोली घ्या म्हणून तो एकदाही मागे लागला नाही. उलट त्यानं आमचीच चौकशी केली. ‘आम्ही कोणालाही खोली देत नाही. तुमच्या फादरांचं शिफारसपत्र लागेल, शिक्का हवा. सगळ्यांची आधार कार्डं पाठवा, लहानांचीही.’ जो माणूस आपल्याकडेच पुरावे मागतो, त्याच्याकडे पुरावा मागायचं कोणाच्या मनात येत नाही. माझे मिस्टर तर म्हणाले, ‘बघ, किती कडक आहेत, म्हणजे जागा चांगलीच असणार.’ फादरांनी ओळखीच्या कुटुंबांसाठी कोणताही धर्मगुरू देईल तसं साधं पत्र दिलं. पत्र पोचल्यावर त्याचं उत्तर आलं, ‘देव बरें करूं’, म्हणजे कोकणीतलं धन्यवाद. सोबत लेटरहेडवर बुकिंगची पावती. वर कबुतर, खाली क्रूस आणि प्रदर्शनाच्या बोधचिन्हासारखं एक चिन्ह.

नंतर कळलं की आमच्या फादरांचं तेच पत्र त्यानं पुढच्या धर्मग्रामांना दाखवलं. ‘वसईहून एवढी कुटुंबं येत आहेत, हे बघा त्यांच्या फादरांचं पत्र.’ पैसे गेल्याचं दुःख झालंच, पण या पत्राचा राग मला जास्त आहे. आमच्या फादरांच्या शिक्क्यावर विश्वास ठेवून दुसऱ्या गावचे लोक फसले.

पैसे त्यानं एकदम मागितले नाहीत. दोन खोल्या, पाच रात्री, म्हणजे २८,००० रुपये. आधी निम्मे, १४,०००. नाताळच्या आठवड्यात उरलेले १४,०००, कारण ‘गर्दी फार आहे, खोल्या अडवून ठेवता येत नाहीत’. मग ५,००० सुरक्षा ठेव, निघताना परत मिळणारी. शेवटी सासूबाईंसाठी ५०० रुपये, कशासाठी तर वृद्धांना रांगेत उभं राहावं लागू नये म्हणून ‘दर्शन पास’. एकूण ३३,५००. हा पास तर सरळ सरळ खोटा होता. दर्शनाला तिकीट नव्हतंच; आम्ही गेलो तेव्हा सासूबाईंची खुर्ची स्वयंसेवकांनी स्वतः ढकलत नेली आणि कोणी एक रुपया मागितला नाही. देवदर्शनाच्या नावावर कोणी आधी ऑनलाइन पैसे मागत असेल, तर तिथेच थांबा आणि त्या तीर्थस्थानाच्या कार्यालयाला फोन लावा.

नाताळनंतरच्या शुक्रवारी वसईवरून गाडीत बसलो. वांद्र्याहून वसईमार्गे मडगावला जाणारी ही गाडी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरू झाली, त्यामुळे दादरला जाऊन उलटं यावं लागत नाही. पण मडगावला पोचायला रात्रीचे दहा वाजतात, आणि आमची गाडी कोणती हे त्यानं आधीच विचारून घेतलं होतं. स्टेशनवर उतरून फोन केला तर म्हणाला, ‘सॉरी, पाण्याची लाइन फुटली आहे, खाली सगळं पाणी झालंय. तुमचे सगळे पैसे आत्ता परत करतो. क्यूआर कोड पाठवतोय, स्कॅन करा, रक्कम टाका आणि पिन टाका.’

एका हातात सासूबाईंचा दंड, दुसऱ्या हातात बॅग, भोवती पाच कुटुंबांची गर्दी, मुलं भुकेलेली. मिस्टर स्कॅन करायला लागले होते. मुलीनं फोनवर हात ठेवला. ‘डॅडी, पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.’ तिला हे शाळेत शिकवलं होतं. यूपीआयचा पिन आपल्या खात्यातून पैसे बाहेर जाताना लागतो, येताना कधीच नाही. त्या रात्री तिनं हात ठेवला नसता तर आणखी ३३,५०० गेले असते. आमच्यातल्या एका काकांचे तसे गेलेही. ते फलाटाच्या दुसऱ्या टोकाला होते आणि आम्ही पोचेपर्यंत त्यांनी पिन टाकला होता.

तरीही आम्ही टॅक्सी करून बाणावलीला गेलो. खरंच लाइन फुटली असेल, कोणीतरी भेटेल, अशी आशा. नकाशावर दाखवलेल्या जागी नारळाची बाग होती आणि पलीकडे एक जुनं घर. घरातल्या बाई बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, बसल्या होत्या. पत्ता सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ‘तशें घर हांगा ना.’ म्हणजे तसं घर इथे नाहीच. आधीही एक कुटुंब तोच पत्ता विचारत आलं होतं. त्यांनी सासूबाईंना आत नेऊन बसवलं, चहा केला आणि रात्री अकरा वाजता ओळखीपाळखीत फोन करून आमची सगळ्यांची सोय लावून दिली. दर डिसेंबरचेच होते, पण डोक्यावर छप्पर आलं. चर्चच्या नावानं आम्हाला लुटलं एका अनोळखी माणसानं आणि आधार दिला तोही एका अनोळखी बाईनंच. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

त्या बाईंच्या अंगणात बसूनच मुलानं गेस्ट हाऊसचे फोटो गुगल लेन्सवर (फोटोवरून शोध घेता येतो तिथे) टाकले. दोन मिनिटांत कळलं की ते केरळातल्या एका होमस्टेचे आहेत. नकाशावरची जागा अलीकडेच टाकलेली, सगळे अभिप्राय एकाच पंधरवड्यातले आणि सगळ्यांत पाच तारे. ज्या यूपीआयवर पैसे गेले, तिथे पैसे पाठवताना जे नाव दिसलं होतं ते एका खासगी व्यक्तीचं होतं. चर्चची संस्था असेल तर खातं संस्थेच्या किंवा ट्रस्टच्या नावावर असतं आणि पावतीही त्याच नावानं येते. त्यानं सांगितलं होतं, ‘हे आमचे मॅनेजर.’

आणखी एक. मेसेजमध्ये तो ‘देव बरें करूं’ लिहायचा, पण फोनवर कोकणीचा एक शब्द कधी बोलला नाही. माझी मावसबहीण म्हापशाला दिली आहे. आता आमच्या समूहात कोणी गोव्याला जायचं म्हटलं की बुकिंगवाल्याशी आधी ती बोलते. गोव्यात हॉटेल असो वा घरगुती खोल्या, पर्यटकांना भाड्यानं द्यायच्या तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंद लागते. त्यामुळे नोंदणी क्रमांक मागायचा. चर्चची जागा म्हणत असतील तर कोणत्या धर्मग्रामाची ते विचारायचं आणि त्या चर्चच्या कार्यालयाला आपण स्वतः शोधलेल्या नंबरवर फोन करायचा, मेसेजमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. तिथे लागला नाही तर पणजीला आल्तिनोवर आर्चबिशप हाऊस आहे, तिथे विचारायचं.

१९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. त्याच रात्री आम्ही तो लावला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरली. व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम, बारा आकडी यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराचा असतो तो) आणि समोरच्याचा यूपीआय आयडी विचारतात. हे सगळं हाताशी ठेवूनच फोन करा. वेळ इथे किती महत्त्वाची असते ते बघा. स्टेशनवर ज्या काकांचे पैसे गेले, त्यांची तक्रार तासाभरात गेली आणि त्यांची पूर्ण रक्कम समोरच्या खात्यात गोठवली गेली. आमचे पहिले १४,००० मात्र समोरच्या खात्यात पोचले त्याच दिवशी पुढे कुठे कुठे वळवले गेले होते. नंतरच्या पैशांतले ९,००० एका खात्यात अडकलेले सापडले. आपण स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे बँक भरून देईल अशी आशा धरू नका. ते पुढे सरकायच्या आत थांबवणं हाच काय तो मार्ग.

घरी परतल्यावर जे झालं त्यानं मला जास्त त्रास झाला. रविवारी मिस्सानंतर चर्चच्या अंगणात कुजबुज सुरू झाली. मेसेज टाकणाऱ्या मुलीकडे लोक असे बघायला लागले की जणू तिनंच पैसे खाल्ले. तिच्या घरचेही १४,००० गेले होते, हे कोणी विचारलं नाही. तिनं गायनमंडळात यायचं बंद केलं. मी तिच्या घरी जाऊन बसले. मेसेज पुढे पाठवणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवलं तर पुढच्या वेळी ज्याला शंका येईल तोही गप्प बसेल, हे मला आपल्या लोकांना कळकळीनं सांगायचं आहे.

प्रार्थनेच्या सभेत एक ज्येष्ठ म्हणाले, ‘पोलिसात गेलो तर चर्चचं नाव पेपरात येईल. क्षमा करा, देव बघून घेईल.’ मी त्यांचा आदर करते. क्षमा माझ्याही श्रद्धेत आहे. पण तक्रार दाबून ठेवली की पुढचं कुटुंब आपणच त्याच्या हाती देतो, असं मी तिथे उभं राहून सांगितलं. आवाज कापत होता. फादर माझ्या बाजूनं बोलले. त्यांच्या पत्राचा वापर झाल्याचं त्यांनाही तोवर कळलं होतं. पुढच्या रविवारी त्यांनी वेदीवरून सूचना वाचली, शेजारच्या धर्मग्रामांना कळवलं आणि आपलं शिफारसपत्र रद्द केल्याचं लिहून दिलं. त्या सूचनेमुळे फेब्रुवारीतल्या सहलीचे पैसे भरायला निघालेलं एक युवा मंडळ वाचलं. तिथली पोरं बारावीचीही नव्हती.

आधार कार्डांची भीती मात्र राहिलीच. आम्ही सगळ्यांची बायोमेट्रिक्स आधारच्या ॲपवरून लॉक केली. आता कोणालाही द्यायची वेळ आली तर मास्क केलेलं आधार देतो, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. मुलांची कागदपत्रं व्हॉट्सॲपवर पाठवणं तर पूर्ण बंद.

मुलांना समुद्र मिळाला. माजोर्ड्यापासून मोबोरपर्यंत सलग पसरलेली ती वाळू, तिच्यावर दोन संध्याकाळी दोघं मनसोक्त खेळली. सासूबाईंनी गोंयच्या सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर यांचं, दर्शन घेतलं आणि हात जोडून बराच वेळ उभ्या राहिल्या.

आमची तक्रार सायबर शाखेकडे आहे. गोठवलेली रक्कम परत मिळावी म्हणून अर्ज केला आहे. कबुतर आणि क्रूस असलेल्या लेटरहेडवर बाणावलीची पावती तुम्हालाही आली असेल आणि तुम्ही अजून गप्प असाल, तर आपल्या पोलीस ठाण्यात जा, पावती आणि यूटीआर क्रमांक घेऊन जा, आणि आपल्या फादरांनाही सांगा.