धर्मगुरूंचे मासिक पत्रक: शेवटचे पान आधी वाचावे

सोलापुरातील आमच्या कॅथलिक धर्मग्रामाचे (एका चर्चशी जोडलेल्या भाविकांच्या समुदायाचे) धर्मगुरू दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भाविकांसाठी चार पानांचे पत्रक काढतात. पहिल्या दोन पानांवर फादरांचे चिंतन, तिसऱ्या पानावर वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस, चौथ्या पानावर बातम्या, सूचना आणि हिशेब अशी त्याची ठरलेली मांडणी आहे. छापील प्रती चर्चच्या दाराशी स्टुलावर ठेवलेल्या असतात, किंमत काही नाही, शेजारच्या पेटीत ज्याला जे टाकावेसे वाटेल ते टाकावे. हे पत्रक मी नियमितपणे वाचत आलो आहे आणि माझे मत असे झाले आहे की संपादनात ज्या पानाला सर्वांत कमी मान मिळतो, ते चौथे पानच या पत्रकाचे खरे बळ आहे.

हिशेबाचेच पाहा. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या विधिसंहितेने प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असणे बंधनकारक केले आहे आणि भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांपुढे ठेवण्याची अपेक्षाही नोंदवली आहे. बहुतेक ठिकाणी ही अपेक्षा वर्षातून एकदा, सूचनाफलकावरच्या एका कागदाने पूर्ण होते. आमचे फादर मात्र दर महिन्याला रविवारचे दान, विजेचे बिल, दफनभूमीच्या कुंपणावरील खर्च हे सर्व रकमांसह छापतात आणि जिथे गरज असेल तिथे रकमेखाली एखादे वाक्य लिहितात. ध्वनिक्षेपकाच्या दुरुस्तीच्या रकमेखाली त्यांनी लिहिले होते की यंत्र दुरुस्त झाले आहे, परंतु खरखर थांबलेली नाही, कारण दोष तारांमध्ये आहे आणि तारा बदलण्याइतके पैसे सध्या नाहीत. पुढच्या अंकात तारांसाठी आलेली देणगी दिसली, देणाऱ्याचे नाव मात्र छापलेले नव्हते. दानाविषयी दोन पाने भरून लिहिलेल्या चिंतनापेक्षा हा व्यवहार मला अधिक बोलका वाटला.

सूचनांमध्येही हीच नजर आहे. जानेवारीत मकर संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर महाराजांची यात्रा भरते, नंदीध्वजांच्या मिरवणुका निघतात आणि शहरातील अनेक रस्ते वाहनांसाठी बंद होतात. त्या दिवसांत कोणत्या बाजूने चर्चला येणे सोयीचे पडेल आणि संध्याकाळची मिस्सा (चर्चमधील मुख्य सामूहिक उपासना) किती वाजता असेल, हे पत्रकात आधीच दिलेले असते. शेवटी, ज्यांच्या शेजारी यात्रेसाठी पाहुणे आले असतील त्यांनी त्यांची विचारपूस करावी, अशीही एक ओळ असते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा सकाळची मिस्सा लवकर घेतली जाते आणि वयोवृद्धांनी दुपारच्या प्रार्थनासभेला येण्याचा आग्रह धरू नये, असे फादर स्पष्ट लिहितात. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या सुमारे चाळीस दिवसांत, राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोन दिवसांचा उपवास 18 ते 59 या वयोगटाला लागू असतो, ही माहिती दरवर्षी छापली जाते आणि तरीही दरवर्षी सत्तरी ओलांडलेल्या आज्या कडकडीत उपवास करतात, त्याला पत्रकाचा इलाज नाही.

आता पहिल्या दोन पानांविषयी. फादरांचे मराठी स्वच्छ आहे आणि धर्मशास्त्राचा अभ्यासही दिसतो, परंतु निम्म्याहून अधिक चिंतने अशी असतात की ती कुठल्याही शहरातल्या कुठल्याही धर्मग्रामात तशीच्या तशी छापता येतील. क्षमा करावी, आशा सोडू नये, कुटुंबाने एकत्र प्रार्थना करावी, हे सारे खरे असले तरी ते सांगायला आमच्याच फादरांनी लेखणी कशाला उचलावी? अशा सर्वसाधारण लेखनासाठी मराठी कॅथलिकांकडे 1903 मध्ये फादर हेन्री डोरिंग यांनी सुरू केलेल्या ‘निरोप्या’ मासिकाची मोठी परंपरा आहे. धर्मग्रामाच्या पत्रकाकडून मला आमच्या गल्लीचा, आमच्या अडचणीचा मजकूर हवा असतो.

तो कसा असावा याचा नमुना फादरांनीच एकदा दिला आहे. रविवारी मिस्सात होणाऱ्या बायबलच्या वाचनांचे चक्र तीन वर्षांचे असते आणि त्यातील ‘अ’ वर्षी उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी योहानाच्या शुभवर्तमानातील याकोबाच्या विहिरीवरचा प्रसंग वाचला जातो. भर दुपारी, सुमारे सहाव्या तासाला, एक शोमरोनी स्त्री पाणी भरायला येते आणि प्रभू येशू तिच्याकडे पाणी मागतो. त्या महिन्याच्या चिंतनात फादरांनी तत्त्वचर्चेला हातच घातला नाही. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, ते कधी अपरात्री येते, आणि त्या वेळी घरातले नेमके कोण उठते, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला. पुढे त्यांनी लिहिले की विहिरीवर आलेल्या त्या स्त्रीच्या हातातली घागर आपल्याला दिसत नाही, कारण आपण घागर उचलत नाही. पोप फ्रान्सिस यांच्या 2015 च्या पर्यावरणविषयक परिपत्रकाचा उल्लेख त्यांनी एका वाक्यात उरकला आणि शेवटी चर्चच्या आवारातील बोअरचा नळ सकाळी ठरावीक वेळेत शेजाऱ्यांसाठी उघडा राहील, असे जाहीर केले. चिंतनाचा शेवट सूचनेत झाला होता, आणि ती सूचना चौथ्या पानावर पुन्हा छापण्याची गरज उरली नव्हती. त्या अंकाच्या प्रती दुसऱ्या मिस्सापर्यंत संपल्या.

21 एप्रिल 2025 रोजी, पुनरुत्थान रविवारच्या (ईस्टरच्या) दुसऱ्याच दिवशी, पोप फ्रान्सिस निवर्तले. महिन्याचा अंक तेव्हा वाटून झाला होता. फादरांनी एका पानाची पुरवणी काढली आणि त्यात थोरवी गाण्याऐवजी पुढे काय होते ते क्रमाने सांगितले: दफन केव्हा होते, चर्चचे वरिष्ठ धर्माधिकारी म्हणजे कार्डिनल नव्या पोपच्या निवडीसाठी कधी जमतात, ऐंशी वर्षांखालील कार्डिनलांनाच मत का असते, दोन-तृतीयांश मते कशी मोजतात. 8 मे रोजी पोप लिओ चौदावे निवडून आले तेव्हा धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुले ही प्रक्रिया घरच्यांना समजावून सांगत होती. बातमी देण्याची ही हातोटी फादरांकडे आहे, म्हणूनच तक्रार अधिक वाटते.

तिसरे पान मात्र मला पटत नाही. वाढदिवसांना छायाचित्रांसह पूर्ण पान मिळते आणि मृत्यूला जेमतेम एक ओळ: नाव, वय, दफनाची तारीख. अपवाद एकदाच झाला, एका जुन्या गिरणी कामगारासाठी. रात्रपाळी संपवून ते थेट पहाटेच्या मिस्साला येत आणि मागच्या बाकावर डुलकी लागू नये म्हणून उभ्यानेच प्रार्थना करत, असे फादरांनी लिहिले होते. कामानिमित्त पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या नातवंडांना ही गोष्ट पत्रकातूनच कळली. प्रत्येक दिवंगतासाठी अशा पाच ओळी लिहायला फार जागा लागणार नाही, वाढदिवसांची छायाचित्रे थोडी लहान करावी लागतील इतकेच. निदान 2 नोव्हेंबरच्या सर्व मृतांच्या स्मरणदिनाच्या अंकात तरी हे व्हावे.

छपाईबद्दल थोडक्यात: अक्षर बारीक आहे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी प्रत ही पानाचा फोटो असल्यामुळे मोठी केली की धूसर होते. बाहेरगावी राहणाऱ्यांना तीच एक प्रत मिळते, त्यामुळे मजकूर वेगळा टाइप करून पाठवला तर बरे. छापील अंक हवा असेल तर पहिल्या मिस्साला यावे आणि मिस्साचे हेतू (कोणासाठी वा कशासाठी मिस्सा अर्पण करायची ते) पुढच्या अंकात छापून यायला हवे असतील तर ते आधीच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारपूर्वी कार्यालयात लिहून द्यावेत, फोनवर सांगितलेले हेतू हमखास राहून जातात.